उथळ तळ की खोल तळ: एका मासेमारी बोटीचं प्रकरण

हे प्रकरण बडोद्याचं आणि पालघर किनाऱ्यावरच्या एका गावाचं आहे. बोट मकरपुऱ्यात, आमच्या फायबरच्या शेडमध्ये घडली. ती चालवणारा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, पालघर जिल्ह्यात खाडीच्या तोंडाशी राहतो. माणसांची आणि गावाची नावं वगळली आहेत. मोजमापं आमच्या वहीतली आहेत, थोडी पूर्णांकात आणलेली.

पार्श्वभूमी

बोट बांधून घेणारे आमचे गिऱ्हाईक म्हणजे काका, मूळचे कोळी. सत्तरच्या दशकात नोकरीसाठी बडोद्याला आले, कारखान्यात जन्म गेला, दांडिया बाजारात घर झालं. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा गावाकडे त्यांच्या पुतण्याची, म्हणजे त्या तांडेलाची, जुनी लाकडी बोट शेवटच्या घटका मोजत होती. दरवर्षी पावसाळी बंदीत ती ओढून काढायची, फटी भरायच्या, फळ्या बदलायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. काकांनी ठरवलं की बोट आपण बांधून द्यायची, पुतण्याने ती चालवायची आणि हप्त्याने अर्धे पैसे परत करायचे. एकूण मर्यादा सोळा लाख, इंजिनासकट.

आमचं मुख्य काम रसायनांच्या कारखान्यांसाठी फायबरच्या टाक्या बनवण्याचं. बोटी आम्ही त्याआधी मोजक्याच केल्या होत्या आणि समुद्रातली मासेमारी बोट एकच. हे काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही बडोद्यात आहात, मला रोज येऊन बघता येईल ने? तेच पुष्कळ आहे." त्यांना स्वतःच्या डोळ्यांसमोर बोट घडताना बघायची होती.

पुतण्या दोन तऱ्हेची मासेमारी करतो. जवळच्या पाण्यात डोल लावतो. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. ते एका जागी पक्कं बांधतात, भरती-ओहोटीचा ओढा त्यात बोंबील, जवळा, कोलंबी लोटतो आणि ओढा थांबला की ते उपसतात. सप्टेंबरपासून पुढे तीन-चार महिने तो पापलेटसाठी तरती जाळी घेऊन लांब जातो आणि रात्रभर बाहेर राहतो. एका बोटीकडून दोन्ही कामं हवी होती, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू झाली.

अडचण

काका आणि पुतण्या दोघांची मतं आधीच पक्की होती, आणि माझ्या अंदाजाच्या बरोबर उलटी. बडोद्यात इतकी वर्षं काढलेल्या काकांना खोल, अरुंद, वडिलांच्या होडीसारखी बोट हवी होती. "पाणी कापत जाते ती बोट. चपटी बोट पाण्यावर आपटत जाते." रोज समुद्रात जाणाऱ्या पुतण्याला मात्र सपाट तळाची, रुंद आणि मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेलं, मशीन लावलेली बोट हवी होती. त्याचं कारण खाडीचं तोंड. तिथे गाळाचा बांध आहे. मोठ्या ओहोटीला तो उघडा पडतो आणि बोट एकतर बाहेर अडकते नाहीतर आत. धक्क्याजवळही ओहोटीला नुसता चिखल. जितकी बोट उथळ तितके तास जास्त, हा त्याचा हिशेब.

तिसरं मत काकूंचं. १८ जानेवारी २०२४ला बडोद्यातल्या हरणी तलावात बोट उलटून १४ जण गेले, त्यांतली १२ शाळकरी मुलं. त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. बडोद्यात बोट हा शब्द कोणी सहज उच्चारत नव्हतं. काकूंनी शेडमध्ये येऊन एवढंच विचारलं, "ही उलटणार नाही ना?" उथळ-खोलच्या वादात हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. त्याचं उत्तर मला तोंडी द्यायचं नव्हतं, मोजून द्यायचं होतं.

कागदावरचे पर्याय

दोन्ही आराखडे ९.८ मीटर लांबीचे काढले. उथळ बोट २.७ मीटर रुंद, भरल्यावर ०.५५ मीटर पाण्याखाली. खोल बोट २.२ मीटर रुंद, भरल्यावर १.०५ मीटर पाण्याखाली, आत डिझेल इंजिन.

स्थिरतेबद्दल लोकांचा एक समज असतो की खोल बोट पक्की आणि उथळ बोट डळमळीत. लहान बोटीत सुरुवातीची पकड मुख्यतः रुंदीतून येते, आणि तीही रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. वजन आणि लांबी तीच ठेवून रुंदी २.२वरून २.७ केली तर तो भाग साधारण १.८५ पट होतो. म्हणजे कोणी एका बाजूला उभं राहिलं, जाळं एका काठावरून ओढलं, तर रुंद बोट कमी कलते. पण हिला दुसरी बाजू आहे. रुंद बोट झटक्यात सरळ होते आणि तो झटका दिवसभर खलाशांच्या गुडघ्यांना आणि कमरेला बसतो. शिवाय खूप कलल्यावर, काठ पाण्याला टेकायला लागला की तिची ताकद एकदम ओसरते. खोल बोट सावकाश झुलते, आणि खाली वजन असेल तर जास्त कलूनही परत येते.

माल भरल्यावरचा फरकही काढला. दोन टन मासळी आणि बर्फ चढवला तर रुंद बोट सुमारे १० सेंटिमीटर खाली बसते, अरुंद बोट १५. वाऱ्यात सपाट तळ बाजूला सरकतो. डोलच्या खुंटाशी बोट धरून ठेवायची असते तेव्हा हे फार जाणवतं.

आणखी एक गोष्ट आमच्या पत्त्यामुळे आली. बोट बडोद्याहून हायवेने ट्रेलरवर जाणार होती. २.६ मीटरपेक्षा रुंद माल म्हणजे जास्तीची परवानगी, जास्तीचा खर्च. समुद्राशी या आकड्याचा काही संबंध नाही, पण आराखड्यात तो ठाण मांडून बसला.

बांबूचं मोजमाप

पहिला खरा निर्णय इथे झाला, आणि तो मी घेतला याचं मला आजही समाधान आहे. मी काम सुरू करायला नकार दिला आणि पुतण्याला पंधरा दिवस मोजायला लावलं. खाडीच्या बांधावर त्याने एक उभा बांबू रोवला. दर दहा सेंटिमीटरला तांबडा रंग, दर अर्ध्या मीटरला नायलॉनच्या दोरीची गाठ. दिवसाच्या उजेडात दर अर्ध्या तासाला पाणी कुठवर आलं ते वहीत लिहायचं. अमावास्येचं उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि मधल्या अष्टमीचा भांग (लहान भरती-ओहोटी), दोन्ही त्यात यायला हवे होते. पहिल्या दोन दिवसांत शेजाऱ्यांनी त्याची चेष्टा केली. चौथ्या दिवसापासून त्याची म्हातारी आजी स्वतः वेळ सांगायला लागली, तिला ती घड्याळाशिवाय कळते.

वही बडोद्याला आली तेव्हा चित्र असं होतं. उधाणाला भरती आणि ओहोटी यांत जवळजवळ पाच मीटरचा फरक, भांगाला सुमारे दोन मीटरचा. भावनगरच्या बाजूला, खंभातच्या आखातात हाच फरक उधाणाला दहा मीटरच्या वर जातो. पालघरचा किनारा त्या वाटेवरच आहे, मुंबईच्या थोडा उत्तरेला. तळाखाली ३० सेंटिमीटर मोकळं पाणी हवं असं धरून मी तास काढले.

उधाणाला एका भरती-ओहोटीच्या साडेबारा तासांत खोल बोटीला बांध ओलांडायला साधारण सात तास मिळतात. उथळ बोटीला पावणेआठ. फरक फक्त पाऊण तासाचा! पाणी इतक्या वेगाने चढतं आणि उतरतं की अर्ध्या मीटरची बचत त्यात वाहून जाते. भांगाला चित्र उलटं. खोल बोटीला आठ तास, उथळ बोटीला अकरा. तीन तासांचा घसघशीत फायदा.

हे मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, पण भांगाला डोल लावून उपयोग काय? ओढाच नसतो." मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण ते आकड्यांशेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. डोलची मासळी उधाणाच्या ओढ्यावर मिळते. म्हणजे उथळ बोट जे तीन तास देते ते नेमके त्या दिवसांत, जेव्हा डोलमध्ये हाती काही लागत नाही. भांगाच्या दिवसांत तो तरती जाळी घेऊन रात्रभर बाहेर असतो, तेव्हा तीन तास इकडेतिकडे झाले तरी अडत नाही. ज्या कारणासाठी तो सपाट बोट मागत होता ते कारण त्याच्याच वहीने खोडून काढलं.

मग खोल बोट घ्यावी का? काका खूश झाले होते. पण वहीत शेवटच्या पानावर पुतण्याने न विचारता एक गोष्ट लिहिली होती: रोज सहा ते आठ तास बोट चिखलात कोरडी उभी असते.

खोल, टोकदार तळाची बोट पाणी गेल्यावर कुशीवर पडते. जुन्या होडीला दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू लावत, आणि तेवढ्यासाठी प्रत्येक ओहोटीला दोन माणसं हजर लागत. आता घरात तेवढी माणसं नाहीत. टेकू घसरला की बर्फाचा खण कलतो, डिझेल सांडतं. सगळ्यात वाईट म्हणजे उधाणाची भरती झपाट्याने येते तेव्हा आडवी पडलेली बोट सरळ व्हायच्या आत पाणी खालच्या काठावरून आत शिरू शकतं. काकांनी हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या लहानपणी एक बोट अशीच गेल्याचं त्यांनी नंतर सांगितलं.

थोडक्यात, आम्ही बोट किती पाण्यात चालेल यावर भांडत होतो, आणि बोटीचे रोजचे सहा-आठ तास पाण्याशिवाय जात होते.

टाकीतली चाचणी

आराखडा मधल्या वाटेने गेला. रुंदी २.५५ मीटर. मध्यभागी तळाला १२ अंशांचा उतार, पुढे नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तो वाढत जाणारा. तळाच्या मधून मागपर्यंत एक लांब कणा, पंख्याच्या खाली जाऊन त्याला आणि सुकाणूला झाकणारा. दोन्ही कुशींना दोन बुटके आडकणे, म्हणजे पाणी गेल्यावर बोट तीन पायांवर सरळ बसेल. भरल्यावर पाण्याखाली ०.७५ मीटर. यातही बोटीचा सांगाडा इतका खोल जात नाही. खोली ठरवली पंख्याने. १८ इंचांचा पंखा पाण्यात नीट बुडायला आणि त्याखाली संरक्षण ठेवायला तेवढी जागा लागतेच. आउटबोर्डमध्ये हा प्रश्न मशीन वर उचलून सुटतो, पण रोजच्या डोलला पेट्रोलचा खर्च परवडेना. इथे पुतण्याने स्वतःच माघार घेतली.

साचा करण्याआधी १:१०ची प्रतिकृती केली, ९८ सेंटिमीटर लांब. शेडमध्ये एका कारखान्यासाठी बनवलेली तीन मीटर व्यासाची टाकी गळती तपासायला पाण्याने भरलेलीच होती, तीच आमचा समुद्र. वजनं हजारात एक या प्रमाणात: रिकामी बोट २.६ किलो, भरलेली ४.६ किलो. इंजिनाच्या जागी शिशाचे तुकडे, मासळीच्या जागी ओल्या वाळूच्या पिशव्या. काका स्टुलावर बसून पिशव्या सारखे नीट लावत होते.

काठावर बोटाने दाब देऊन सोडायचं आणि झुलण्याचा वेळ मोबाइलच्या व्हिडिओवरून मोजायचा. भरलेल्या बोटीचे दहा झोके ७.३ सेकंदांत, म्हणजे एक झोका ०.७३ सेकंदांचा. खऱ्या बोटीसाठी त्याला १०च्या वर्गमुळाने गुणायचं, म्हणजे सुमारे २.३ सेकंद. लहान बोटींसाठी एक जुना ठोकताळा आहे की झोक्याचे सेकंद बोटीच्या मीटरमधल्या रुंदीपेक्षा कमी असावेत. २.३ हे २.५५पेक्षा कमी. ठीक.

मग पुतण्याच्या मागणीप्रमाणे जाळी ओढायचं यंत्र उंच चौकटीवर आणि ओली जाळी वरच्या फळीवर, असं वजन ठेवलं. दहा झोके ८.६ सेकंद. खऱ्या बोटीत २.७. झोका संथ झाला, दिसायला छान, बसायला आरामदायक. आणि नेमका तोच धोक्याचा इशारा. वजन वर गेलं की बोट आळशी होते, परत यायला वेळ लावते.

काकू त्या दिवशी आल्या होत्या. मी दोन्ही चाचण्या त्यांच्यासमोर पुन्हा केल्या आणि दुसऱ्या वेळी काठावर जास्त दाब दिला. पहिल्या मांडणीत बोट उसळून सरळ झाली. दुसऱ्या मांडणीत काठावरून पाणी आत आलं. त्यांनी विचारलं, "मग हे वरचं यंत्र लावणार का?" तिथेच ते रद्द झालं. यंत्र खाली, खणाच्या पुढे, फळीच्या पातळीला बसवलं. ओली जाळी ठेवायला खोलगट जागा केली. पुतण्या नाराज होता, कारण वाकून काम करावं लागणार होतं. त्याची तक्रार खरी होती आणि आहे.

काय बांधलं, काय घडलं

उन्हाळ्यात काम झालं, जुलैच्या शेवटी बोट ट्रेलरवरून निघाली आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरली. खर्च मर्यादेपेक्षा सुमारे पाऊण लाख वर गेला, बहुतेक साच्यामुळे. चिखलात ती पहिल्याच ओहोटीला तीन पायांवर सरळ बसली. काकांनी त्याचा फोटो मला पाठवला, पुढे काहीही न लिहिता.

वेगाबद्दल पुतण्याची अपेक्षा मोडली. अशा लांबीच्या, वजन घेऊन चालणाऱ्या बोटीचा सहज वेग साडेसात नॉटच्या आसपास असतो. त्यापुढे डिझेल जळतं, अंतर फारसं कापलं जात नाही. हे आधी सांगितलं होतं, पण शेजारच्या आउटबोर्डवाल्या बोटी पुढे जाताना बघणं वेगळं.

हिवाळ्यात खरी परीक्षा झाली. दुपारी वायव्येचा वारा, खाडीतून बाहेर पडणारी ओहोटी, आणि बांधावर दोघांची टक्कर. लाटा आखूड आणि उभ्या होतात. तिथे बोट नाळेखाली आपटायला लागली. काकांनी सुरुवातीला सांगितलेलं वाक्य मला तेव्हा आठवलं. पुतण्याने उपाय स्वतःच शोधला: जाताना बर्फाच्या दोनेकशे किलोच्या पेट्या पुढे सरकवायच्या. नाळ थोडी खाली बसते, तिथला टोकदार भाग पाण्यात जातो आणि आपटणं बरंच कमी होतं. अंगावर पाणी जास्त उडतं, ते तो सोसतो.

डिसेंबरमध्ये पाणी उपसायचा पंप वरचेवर सुरू होतोय असं त्याला दिसलं. उजव्या कुशीच्या आडकण्याच्या मुळाशी केसाएवढी चीर होती. धक्क्याजवळ एका जागी चिखलाखाली शिंपल्यांचा कडक थर आहे. बोटीचा सगळा भार तिथे एका आडकण्यावर येत होता. ही चूक सर्वस्वी माझी. मी आडकणे साच्यात एकसंध न ओतता नंतर चिकटवले होते, साचा स्वस्त पडावा म्हणून. बोट दहा दिवस बंद राहिली, तीही पापलेटच्या दिवसांत. तात्पुरतं काम गावातच केलं. पुढच्या १ जूनला बंदी लागल्यावर दोन्ही आडकणे काढून, आतून पट्ट्या घालून नव्याने बांधले आणि खाली बदलता येईल अशी लाकडी पट्टी बोल्टने लावली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

नाळेचा उतार अधिक धारदार करीन. मध्यभागी सपाट तळ चिखलासाठी लागतो, पुढच्या अडीच मीटरांत त्याची गरज नाही. तिथे मी उगाच हात आखडला.

बांबू बांधावर रोवला, धक्क्यावर नाही. बोट कुठे उभी राहणार तिथला तळ पायाने चाचपून पाहायला हवा होता. एका माणसाने ओहोटीला काठी घेऊन अर्धा तास फिरलं असतं तर शिंपल्यांचा थर सापडला असता. पुतण्याला तो माहीत होता. मी विचारलं नाही, आणि बडोद्यात बसून तो मला दिसणं शक्य नव्हतं. आराखडा पक्का करण्याआधी मी स्वतः गावी एक उधाण आणि एक भांग काढायला हवा होता. तेवढा प्रवासखर्च आडकण्यांच्या दुरुस्तीच्या पासंगालाही पुरला नसता.

उंच यंत्राला नकार देण्याचा निर्णय मी बदलणार नाही. मात्र वाकून काम करण्याचा त्रास कमी करायला खलाशी उभे राहतात ती फळी २० सेंटिमीटर खाली घेता आली असती. ते मला आता सुचतं आहे. पुतण्याची पाठ गेल्या हंगामापासून दुखते आहे. येत्या बंदीत ती फळी खाली घ्यायचं ठरलं आहे. त्याआधी प्रतिकृतीवर वजनं पुन्हा लावून झोके मोजायचे आहेत, आणि त्यासाठी काका रविवारी शेडमध्ये येणार आहेत.